प्राणहितेकाठचा दगडी मासा

मासा म्हटला की डोळ्यांपुढे पाणी येते. कोकणातील वाचकाला समुद्र आठवेल, बंगालात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हुगळीचा इलिश आठवेल, तर देशावरच्या वाचकाला मृगाच्या पावसात ओढ्याच्या धारेविरुद्ध निघालेले चढणीचे मासे आठवतील. पण ज्या माशाच्या भेटीला मी आज आपल्याला नेणार आहे, त्याच्याभोवती पाण्याचा थेंबही नाही. तो चुनखडकाच्या थरात निजलेला आहे आणि त्या निद्रेला सुमारे १८ कोटी वर्षे लोटली आहेत.

या प्रवासाचे निमित्त मात्र अगदी साधे होते. अनुवादासाठी माझ्या टेबलावर जीवाश्म माशांविषयीचा एक इंग्रजी मजकूर आला. त्यात माशांच्या एका मोठ्या वर्गाचे नाव वारंवार येत होते. वाचकहो, बाजारातून आणलेला कोणताही मासा घ्या आणि त्याचा पर दोन बोटांनी हलकेच उलगडून पाहा. छत्रीच्या काड्यांवर जसे कापड ताणलेले असते, तसा हाडांच्या बारीक काड्यांवर पातळ पडदा ताणलेला दिसेल. मधून निघून कडेपर्यंत पसरणाऱ्या या काड्या सूर्यकिरणांसारख्या भासतात, म्हणून शास्त्रज्ञांनी या वर्गाला त्याच अर्थाचे नाव दिले. मराठीत काय म्हणावे? एका सहकाऱ्याने ‘किरणपक्ष’ सुचविले, तेव्हा दुसऱ्याने हा कोणता पक्षी म्हणून विचारले! अखेर ‘किरणपर मासे’ यावर आमचे एकमत झाले. रोहू, कटला, बांगडा, बोंबील हे सारे किरणपरच. आज पृथ्वीवर त्यांच्या ३०,००० हून अधिक जाती आहेत.

शब्द तर सापडला. पण त्याच मजकुरातील एका ओळीने मला अडविले. या वर्गातील एका प्राचीन, नामशेष माशाचे भारतातील स्थान म्हणून तेथे ‘कोटा’ असे लिहिले होते. मला राजस्थानचे कोटा शहर आठवले. नकाशे चाळल्यावर कळले की हे कोटा म्हणजे महाराष्ट्राच्या अगदी आग्नेय टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या डाव्या तीरावर वसलेले एक लहानसे गाव आहे. आपल्याच राज्यातील ही गोष्ट आपल्याला इंग्रजी मजकुरातून समजावी, याची मनाला थोडी लाज वाटली. दिवाळीनंतरची रजा मंजूर करून घेतली आणि पत्नी व दहा वर्षांच्या मुलासह मी नागपूरची गाडी पकडली.

नागपुरातील पहिले पान

विदर्भाच्या भूगर्भाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने नागपुरापासूनच आरंभ करावा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे राहत होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही शहरात आहे. धर्मप्रचार आणि शिक्षण हे त्यांचे काम. परंतु गावोगाव फिरताना खडक, वनस्पतींचे ठसे आणि प्राण्यांचे अवशेष गोळा करण्याचा त्यांना छंद होता. १८५५ मध्ये त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतत असता, पावसाने फुगलेला प्रवाह ओलांडताना त्यांना जलसमाधी मिळाली. त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, सुरू झाले. नागपूरला जाल तेव्हा मुलांना ते अवश्य दाखवा.

नागपुरातून वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळाली की पुढील प्रवाहाला प्राणहिता म्हणतात, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विसर्जित होते. म्हणजे नागपूरचे पाणी आमच्या आधीच कोट्याच्या वाटेला लागले होते. आम्ही मोटारीने त्याच्या मागोमाग दक्षिणेकडे निघालो.

वरोऱ्याचे हरवलेले तळे

नागपूर–चंद्रपूर रस्त्यावर वरोरा लागते. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे हे नाव देशभर पोहोचले आहे. पण याच परिसरात डोंगरगाव आणि पिसदुरा ही दोन गावे आहेत, ज्यांची नावे परदेशांतील भूशास्त्रज्ञांनाही परिचित आहेत. आज येथे कापूस आणि सोयाबीनची शेते दिसतात. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी येथे तळी आणि दलदली होत्या व त्यांच्या काठाने प्रचंड डायनोसॉर चरत असत. पिसदुऱ्यास त्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म कण ओळखले, तेव्हा गवताचा इतिहास पूर्वी समजत होते त्याहून कितीतरी मागे गेला. एखाद्या शेणाच्या गोळ्याने विद्वानांना आपले मत बदलावयास लावावे, हे ऐकून आमचे चिरंजीव अत्यंत प्रसन्न झाले.

डोंगरगावच्या तळ्यातील मातीने मासे जपून ठेवले. ब्रिटिश संग्रहालयातील आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाला त्यांनी हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ ‘इओसेरानस हिस्लॉपाय’ असे नाव दिले. दुसऱ्याचे नाव ‘लेपिडोस्टियस इंडिकस’; म्हणजे भारतातील ‘गार’ मासा. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. गार मासा आज भारतात कोठेही नाही. त्याच्या उरलेल्या ७ जाती उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा येथील पाण्यांतच आढळतात. पण दख्खनचा काळा दगड लाव्हाच्या रूपाने पसरत होता, त्या काळी त्याचे भाईबंद आपल्या तळ्यांत सुखाने नांदत होते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळात त्यांचे चकचकीत खवले अनेक ठिकाणी मिळाले आहेत.

सागाच्या वनातून सिरोंच्याकडे

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट मागे पडला की रस्ता हळूहळू वनात शिरतो. आष्टीवरून आलापल्लीला पोहोचावे आणि तेथून सागाच्या प्रसिद्ध अरण्यातून सिरोंच्याची वाट धरावी. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा सारा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या दिवशी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वाटेवरच्या पाट्यांवर मराठी असते, चहाच्या दुकानात तेलुगू ऐकू येते आणि बाजाराच्या दिवशी गोंडी. सिरोंच्यासमोर नदीपलीकडे तेलंगणातील कालेश्वरम् हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील मंदिरात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत, म्हणून दोन्ही तीरांवरील भाविकांची त्यावर विशेष श्रद्धा.

सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान केले आहे. दगड झालेली झाडांची खोडे तेथे जमिनीवर पडलेली दिसतात. दुरून वाटते, कोणी लाकूडतोड्या आताच ओंडके टाकून जेवायला गेला असावा. हात लावावा तर तो दगडाचा थंड स्पर्श!

कोटा याहून शांत. जुन्या भूशास्त्रीय नोंदींत त्याचे स्थान सिरोंच्यापासून नदीच्या वरच्या अंगाला ८ मैलांवर असे दिले आहे. नदीचे पात्र विस्तीर्ण, मध्ये वाळूचे पट्टे. तिच्या खोऱ्यात पातळ थरांचा पांढुरका-करडा चुनखडक उघडा पडतो. जुन्या वहीची पाने एकावर एक दिसावीत तसे त्याचे थर आहेत. एके काळी येथे गोड्या पाण्याचे जलाशय होते. त्यांच्या शांत तळाशी चुन्याचा बारीक गाळ साचत गेला. मेलेला मासा त्यात पडला की त्यावर नवा गाळ बसे आणि कालांतराने सारे मिळून खडक होई.

याच चुनखडकातून मिळालेल्या माशाचे वर्णन १८५१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले. टिपण कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे आणि वर्णन जीवाश्म माशांचे नामांकित अभ्यासक सर फिलिप एगर्टन यांचे. माशाचे नाव पडले ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’. ‘लेपिडोटस’ म्हणजे ग्रीक भाषेत खवल्यांनी मढलेला आणि ‘डेक्कनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा. हे साइक्स मराठी मुलखाला अपरिचित नव्हते. मुंबई सैन्यात असताना त्यांनी दख्खनची पाहणी केली होती आणि १८३९ मध्ये येथील जिवंत माशांवर निबंधही लिहिला होता. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीर माशाला त्यांनी ‘खुदरी’ हे नाव दिले. ते आजही त्याच्या शास्त्रीय नावात टिकून आहे.

चिलखत आणि चपळाई

हा लेपिडोटस होता तरी कसा? त्याचे शरीर जाड, चौकटीच्या आकाराच्या खवल्यांनी झाकलेले होते. आपल्या रोह्याचा खवला नखाने सहज निघतो. याचा निघत नसे. प्रत्येक खवल्याच्या वरच्या कडेला एक बारीक खुंटी असे आणि ती वरच्या खवल्याच्या खोबणीत बसे. त्यावर दातांच्या लुकणासारख्या चमकदार द्रव्याचा लेप. सुताराने सांधे जुळवावेत आणि जिल्हईकाराने वर झिलई चढवावी, तसे हे चिलखत होते. म्हणूनच मासा मेल्यावरही त्याची आकृती विस्कटत नसे आणि इतक्या काळानंतरही खडकात तिची चमक दिसते.

याच्या युरोपातील काही नातलगांचे दात गोल गुंडीसारखे होते. मध्ययुगात ते सापडले की लोकांना वाटे, हे बेडकाच्या डोक्यातील रत्न आहे. विषबाधा टळावी म्हणून ते अंगठीत जडवून वापरीत. इंग्लंडात १९८३ मध्ये सापडलेल्या ‘बॅरिओनिक्स’ या डायनोसॉरच्या पोटाच्या जागी अशाच माशाचे खवले मिळाले. एवढे चिलखत असूनही शत्रू त्याला गिळीत होताच!

मग हा मासा कोठे गेला? एका दिवसात घडलेली ही गोष्ट नव्हे. किरणपर माशांतच पुढे एक नवी शाखा भरभराटीस आली. तिचे खवले पातळ व हलके, शेपटी समतोल आणि जबडा पुढे काढून भक्ष्य ओढून घेण्याइतका लवचिक. जडशीळ चिलखताची जागा चपळाईने घेतली. आज आपल्या ताटात येणारे बहुतेक सारे मासे या नव्या शाखेचे आहेत. लेपिडोटसच्या मोठ्या कुळातील आज जिवंत आहे तो फक्त गार. त्याच्या अंगावर अजूनही तेच खुंटी-खोबणीचे खवले आहेत. ते इतके कठीण असतात की अमेरिकेतील मूळ रहिवासी ते बाणाच्या टोकाला लावीत. म्हणजे वाचकहो, कोट्याचा लेपिडोटस, वरोऱ्याचा गार आणि मिसिसिपीतला गार ही एकाच घराण्याची तीन पाने आहेत. त्यांतील पहिली दोन आपल्या विदर्भात आहेत.

कोट्याच्या त्याच खडकात आणखी एक पाहुणा सापडला. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये ‘इंडोसीलाकँथस’ या माशाचे वर्णन केले. हा किरणपर नव्हे. याचे पर मांसल देठावर बसलेले असतात. अशाच मांसल परांच्या कुळातून पुढे चार पायांचे प्राणी आणि अखेर आपण माणसे झालो. एका जलाशयात दोन घराणी पोहत होती. एकाचे वंशज आज नद्या-समुद्र व्यापून आहेत, आणि दुसऱ्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एक जण हा लेख लिहीत आहे.

दगडाचा पत्ता

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट.

नदीकाठी आमच्याबरोबर गावातील एक निवृत्त शिक्षक आले होते. चालता चालता आमच्या मुलाला चुनखडकाची एक चीप दिसली. तिच्यावर चार-पाच काळसर खवले ओळीने चमकत होते. त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. “बाबा, हा आपण घरी नेऊ या!” म्हणून तो ती खिशात घालू लागला. खरे सांगायचे तर मलाही मोह झाला. लिहिण्याच्या टेबलावर ती किती शोभली असती!

गुरुजींनी त्याला जवळ घेतले आणि विचारले, “बाळ, तुझ्या घरी पत्र येते ना? पाकिटावरचा पत्ता पुसला तर ते कोणाला पोचेल?”

मुलगा म्हणाला, “कोणालाच नाही, गुरुजी.”

“मग या दगडाचा पत्ता म्हणजे ही जागा. इथून उचललास की पत्ता पुसला.”

मी काही बोललो नाही, कारण मला माझ्याच घरातील एक दगड आठवला होता. एका जत्रेतील दुकानातून माझ्या मामांनी कधी काळी विकत घेतलेला, माशाचा सुंदर ठसा असलेला तो दगड आमच्या कपाटात वर्षानुवर्षे होता. मोठ्या अभिमानाने मी तो एका भूशास्त्रज्ञांना दाखविला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “हा सापडला कोठे? कोणत्या थरात?” मामा हयात नव्हते. मला उत्तर देता आले नाही. त्यांनी दगड पाहिला, स्तुती केली आणि परत दिला. त्यांच्या दृष्टीने त्याचे बोलणे बंद झाले होते.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे कोट्याच्याच इतिहासावरून समजते. १८५१ च्या त्या टिपणाच्या शीर्षकात केवळ ‘दख्खनच्या पठारावरील’ मासा एवढाच उल्लेख होता. १८५२ व १८५३ मध्ये डॉ. बेल यांनी कोट्याची भूरचना आणि तेथील खोदाईची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तो मासा कोणत्या थरांच्या संगतीत आहे हे स्पष्ट होऊ लागले. युरोपातील ज्युरासिक काळाच्या आरंभीच्या माशांशी कोट्याच्या माशांचे साम्य होते. त्यावरून हे खडकही त्याच सुमाराचे असावेत, असा निष्कर्ष निघाला.

पुढे शंभर वर्षांनी हीच गोष्ट उपयोगी पडली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५७ च्या सुमारास भूशास्त्राचे काम हाती घेतले. लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांनी त्यात मार्गदर्शन केले. पोचमपल्ली गावाजवळ याच कोटा खडकांच्या खालच्या भागात एका प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. एकेक मांडीचे हाड माणसाच्या उंचीएवढे! १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. १९७५ मध्ये त्या प्राण्याचे नामकरण झाले ‘बारापासॉरस टागोराय’. बंगालीत ‘बॉडो पा’ म्हणजे मोठा पाय. आज त्याचा सांगाडा कोलकात्यास संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. या महाकाय प्राण्याचा काळ ठरविताना ज्या साक्षी घेतल्या गेल्या, त्यांत वरच्या चुनखडकातील माशांची साक्ष महत्त्वाची होती. ते मासे आपल्या थरात सापडले, त्यांच्या जागेची नोंद झाली, म्हणून त्यांना साक्ष देता आली. कोणी ते खिशात घालून नेले असते, तर डायनोसॉरच्या जन्मपत्रिकेतील एक मोठा आधार गेला असता.

आमच्या मुलाने बराच वेळ ती चीप हातात धरली. मग गुरुजींनी दाखविले त्याप्रमाणे, जेथून उचलली होती तेथेच ती नीट ठेवली. त्याच्या आईने छायाचित्र घेतले. प्रमाण कळावे म्हणून शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले. मुलाने वहीत तारीख, जागा आणि खडकाचा रंग लिहिला. गुरुजी म्हणाले, “आता तू विद्यार्थी झालास.”

वाचकहो, आपण देशाच्या कोणत्याही भागात राहत असा. एखादी विहीर खोदताना, रस्ता फोडताना वा नदीकाठी फिरताना असा दगड आपल्याही दृष्टीस पडू शकेल. तो फोडू नका, विकत घेऊ नका, शोभेसाठी नेऊ नका. जागा टिपून ठेवा, छायाचित्र घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. यासाठी पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. लागतो तो थोडा संयम.

साइक्स यांनी दख्खनचा एक जिवंत मासा आणि एक दगडी मासा जगापुढे ठेवण्यास हातभार लावला. मुळा-मुठेच्या पाण्याचे पुढे आपण काय केले, हे पुण्याच्या वाचकांना सांगावयास नको. दगडी मासा अजून प्राणहितेच्या काठी आहे. १८ कोटी वर्षे त्याने आपली जागा सोडलेली नाही. आपल्या हातून ती सुटू नये, एवढेच त्याचे आपल्याकडे मागणे आहे.

परतीच्या वाटेवर वैनगंगेच्या पुलावर मुलाने खाली पाहिले आणि विचारले, “बाबा, हे पाणी कोट्याला कधी पोचेल?” मी म्हणालो, “आपण घरी पोचू, त्या सुमारास पोचेल.” त्याने मान डोलावली आणि वही उघडून पुन्हा एकदा तो पत्ता वाचून पाहिला.